डाय शरीरात जातो, मग?

एक्स-रेला हाड दिसतं, रक्त दिसत नाही. हाडातलं कॅल्शियम किरणांना अडवतं. रक्त आणि त्याच्या भोवतालचं मांस मात्र किरणांना जवळजवळ सारखंच. म्हणून छातीच्या साध्या एक्स-रेत हृदयाचा आकार उमटतो, पण त्याच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमन्यांचा मागमूसही नसतो. त्या पाहायच्या तर किरणांना अडवणारं काहीतरी रक्तात मिसळावं लागतं. डॉक्टर त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, दवाखान्यात बाकी सगळे डाय म्हणतात. दर वर्षी जगभरात कोट्यवधी वेळा तो माणसांच्या शिरांमधून आणि धमन्यांमधून सोडला जातो. या औषधाला कोणताही आजार बरा करायचा नसतो. काही सेकंद सावली पाडायची आणि निघून जायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेची कसोटीही वेगळी लागते. आजार बरा करणाऱ्या औषधाचा थोडा त्रास माणूस सोसतो. नुसतं दाखवणाऱ्या औषधानं इजा केली, तर तिचं समर्थन करणं फार अवघड.

राँटगेननं हे किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका तोडलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण भरलं आणि त्याचा एक्स-रे काढला. सत्तावन्न मिनिटं किरण सोडावे लागले. चित्र अप्रतिम आलं. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत धमन्यांच्या फांद्या स्पष्ट दिसत होत्या. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. हात मेलेला होता, म्हणून पारा चालला.

जिवंत माणसासाठी काय वापरायचं हे ठरायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. किरणांना अडवायला जड अणू हवा, आणि जड अणू बहुतेक विषारी. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिलं गेलं. मग १९२३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक गोष्ट लक्षात आली. तिथं सिफिलिसच्या रोग्यांना सोडियम आयोडाइड भरपूर प्रमाणात दिलं जाई, आणि अशा रोग्यांच्या एक्स-रेत मूत्राशय उठून दिसे. आयोडिनचा अणुक्रमांक ५३. किरण अडवण्याइतका तो जड आहे, आणि शरीराला तो परकाही नाही; गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रोज त्याच्यावरच चालते. शिवाय त्या एक्स-रेनं आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली होती. आयोडिन मूत्राशयात दिसत होतं, म्हणजेच ते शरीराबाहेर पडायच्या वाटेवर होतं. डायच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची खूण, असं मला वाटतं. पण तेव्हा लोकांचं लक्ष चित्राकडे होतं.

लिस्बनचे न्यूरॉलॉजिस्ट एगास मोनिझ यांना मेंदूच्या धमन्या पाहायच्या होत्या. कवटीच्या आत गाठ असेल तर ती धमन्यांना बाजूला ढकलते. धमन्या दिसल्या तर गाठीची जागा कळेल, असा त्यांचा तर्क. संधिवातानं त्यांचे हात वाकडे झालेले, म्हणून मानेतली धमनी उघडून सुई घालण्याचं काम त्यांचे तरुण सहकारी अल्मेडा लिमा करत. आधी प्रेतांवर आणि कुत्र्यांवर, मग रोग्यांवर असे प्रयोग झाले. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड दिलेला एक रोगी दगावला. मोनिझ थांबले, आयोडिनकडे वळले, आणि २८ जून १९२७ रोजी २५ टक्के सोडियम आयोडाइड वापरून त्यांना जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र मिळालं. मेंदूच्या अँजिओग्राफीचा जन्म झाला तो इथं. (मोनिझना नोबेल मिळालं ते १९४९ साली, मेंदूच्या वादग्रस्त शस्त्रक्रियेसाठी. अँजिओग्राफीसाठी मिळालं असतं तर ते अधिक शोभलं असतं.)

सोडियम आयोडाइडचा त्रास मात्र फार होता. धमनीत ते आगीसारखं जळे. रोगी कण्हत, हलत, काहींना झटके येत. आणि हललेल्या रोग्याचं चित्रही बिघडे. अशा वेळी, १९३० च्या आसपास, जर्मनीतल्या हायडेन कंपनीचं एक नवं औषध बाजारात आलं. त्याचं नाव थोरोट्रास्ट. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले. थोरियमचा अणुक्रमांक ९०, म्हणजे किरण अडवण्यात तो आयोडिनच्या पुढे. सावली गडद. आणि रोग्याला काहीच होत नसे. जळजळ नाही, मळमळ नाही, नाडीत फरक नाही. १९३१ पासून मोनिझही तेच वापरू लागले. अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपभर त्याचा प्रसार झाला. पुढच्या वीसेक वर्षांत जगभरात वीस लाखांहून जास्त लोकांना ते दिलं गेलं असा अंदाज आहे.

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे त्या काळच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. ते १८९८ सालीच कळलं होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध समितीनं १९३२ मध्ये इशाराही दिला होता. पण समोर दिसत होतं ते वेगळंच. रोगी चित्र काढून उठतो, कपडे घालतो, घरी जातो. आठवड्यानं, महिन्यानं, वर्षानं भेटला तरी ठणठणीत. मग इशाऱ्याकडे कोण पाहणार?

शरीरात घडत होतं ते असं. थोरोट्रास्टचे कण पाण्यात विरघळलेले नव्हते, म्हणून मूत्रपिंड त्यांना गाळून बाहेर टाकू शकत नव्हतं. रक्तातला परका कण गिळून टाकणाऱ्या पेशी यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत असतात. त्यांनी हे कण गिळले आणि ते तिथंच राहिले, अगदी माणूस मरेपर्यंत. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं आहे. माणसाच्या आयुष्यात ते कमी होण्याचा प्रश्नच नाही. यकृतात बसलेला तो कण अल्फा किरण सोडत राहतो. अल्फा किरण फार लांब जात नाहीत, म्हणून बाहेरून कळतही नाही; पण शेजारच्या पेशींवर त्यांचा मारा रात्रंदिवस चालतो. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी यकृताचा कर्करोग होई. त्यातही रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून होणारा अँजिओसार्कोमा हा एरवी फार क्वचित दिसणारा प्रकार या लोकांत पुन्हापुन्हा दिसू लागला. पित्तनलिकांचे कर्करोग, ल्युकेमिया, यकृताचा सिऱ्होसिस हेही. अशा यकृत कर्करोगाची पहिली नोंद १९४७ ची. पन्नासच्या दशकात वापर थांबला, पण ज्यांना ते आधीच दिलं गेलं होतं त्यांच्यासाठी थांबण्याला अर्थ नव्हता.

जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, स्वीडन आणि जपान या देशांनी पुढे एक मोठं काम केलं. जुन्या रुग्णालयांची कागदपत्रं चाळून थोरोट्रास्ट मिळालेल्या माणसांच्या याद्या केल्या आणि कित्येक दशकं त्यांचा मागोवा घेतला. जपानच्या यादीत युद्धात जखमी झालेले सैनिक होते. गोळीनं फुटलेली धमनी पाहायला त्यांना हा डाय दिला होता. युद्धातून ते वाचले आणि तीस वर्षांनी यकृताच्या कर्करोगानं गेले. अल्फा किरणांमुळे माणसाला किती आणि केव्हा कर्करोग होतो, याविषयी आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या माणसांच्या मृत्यूंमधून कळलं आहे.

डाय टोचताना रोगी कण्हला की नाही, यावरून त्याची सुरक्षितता ठरत नाही. सोडियम आयोडाइड जळत होतं, पण निघून जात होतं. थोरोट्रास्ट जळत नव्हतं आणि राहत होतं. चित्र मिळाल्यावर विचारायचा प्रश्न एकच आहे: आत गेलेलं बाहेर किती आलं, आणि जे राहिलं ते तिथं काय करतंय?

थोरोट्रास्टचा बोलबाला चालू असतानाच आयोडिनचा रस्ताही सुधारत होता. सुटं आयोडाइड देण्याऐवजी आयोडिनचे अणू एखाद्या कार्बनी रेणूला घट्ट बांधायचे, म्हणजे ते शरीरात सुटणार नाहीत आणि रेणूसकट लघवीतून बाहेर पडतील, ही कल्पना. बर्लिनमध्ये १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरनं असा पहिला उपयोगी रेणू, युरोसिलेक्टन, रोग्यांवर यशस्वी केला. मूळ रेणू बिन्झ आणि रेथ या रसायनशास्त्रज्ञांनी जंतूंवरचं औषध म्हणून बनवला होता. पन्नासच्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी बेन्झीनच्या षट्कोनी कड्यावर आयोडिनचे तीन अणू बसवले, आणि आज वापरात असलेला जवळजवळ प्रत्येक आयोडिनचा डाय त्याच कड्याचा वंशज आहे. सीटी अँजिओसाठी शंभर मिलिलिटर डाय दिला तर त्यातून साधारण तीस ग्रॅम आयोडिन शरीरात जातं. रोजची गरज दीडशे मायक्रोग्रॅम. म्हणजे दोन लाख दिवसांचं आयोडिन एका बैठकीत. तरी माणूस सहीसलामत राहतो, कारण ते कड्याला बांधलेलं असतं, आणि मूत्रपिंडं नीट असतील तर दोन तासांत निम्मं आणि एका दिवसात जवळजवळ सगळं बाहेर पडतं. सुटं आयोडाइड असतं ते अगदी किंचित. तेवढंही थायरॉइडच्या गाठी असलेल्यांना कधीकधी बाधतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना डाय दिल्यावर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासावी, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिली. अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयरोग असलेल्या बाळांच्या आईवडिलांनी ती लक्षात ठेवावी.

हृदयाच्या धमन्यांत मात्र डाय सोडायची कुणाची हिंमत नव्हती. त्या धमनीत काही क्षण रक्ताऐवजी डाय गेला, तर हृदयाची लय बिघडून माणूस जागीच मरेल, अशी सर्वांची खात्री होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रोग्याच्या झडपेचं चित्र काढत होते. नळी महाधमनीत ठेवून डाय सोडायचा होता. नळीचं टोक सरकलं आणि उजव्या हृदयधमनीत शिरलं, आणि पडद्यावर सोन्सना दिसलं की सुमारे तीस मिलिलिटर डाय थेट त्या धमनीत चालला आहे. आज त्या धमनीत एका वेळी पाच-सहा मिलिलिटर सोडतात. हृदय थांबलं. पण फडफडलं नाही, नुसतं थांबलं. रोगी अजून शुद्धीवर होता. सोन्सनी त्याला ओरडून खोकायला सांगितलं. खोकल्याच्या दाबानं धमनीतला डाय पुढे ढकलला गेला आणि ठोके परत सुरू झाले. तो माणूस वाचला आणि हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी शक्य आहे हे जगाला कळलं. सोन्सचं मोठेपण असं, की ‘सुटलो’ म्हणून ते तिथंच थांबले नाहीत. तीस मिलिलिटर सोसता येतं तर फार थोडा, जपून दिलेला डाय नक्कीच सोसता येईल, हे त्यांनी ताडलं आणि पुढची काही वर्षं ते पद्धतशीरपणे सिद्ध केलं. आज सांगली-नांदेडच्या कॅथलॅबमध्ये मनगटातून नळी घालून अर्ध्या तासात होणाऱ्या तपासणीची मुळं तिथं आहेत.

डाय आता बाहेर पडत होता, पण तो जळत अजूनही होता. पायाच्या धमन्यांची तपासणी तर इतकी वेदनादायक, की काही ठिकाणी भूल द्यावी लागे. स्वीडनमधल्या माल्मोच्या टॉर्स्टेन अल्मेन या रेडिऑलॉजिस्टला ही वेदना अस्वस्थ करत होती. वेदना आयोडिनमुळे होते असंच सगळे धरून चालले होते. अल्मेन समुद्रात पोहणारा माणूस. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात डोळे उघडले की चुरचुरतात; पूर्वेकडच्या बाल्टिकचं पाणी मचूळ, तिथं तसं होत नाही, हा त्याचा अनुभव. त्यावरून त्याला सुचलं की दोष आयोडिनचा नसावा, द्रावणाच्या तीव्रतेचा असावा.

तीव्रता म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची संख्या. रक्ताची तीव्रता किलोमागे सुमारे २९० मिलिऑस्मोल. त्या काळच्या डायची दीड ते दोन हजार. मीठ लावून ठेवलेल्या कैरीला पाणी सुटतं, तसं इतका तीव्र द्रव रक्तात शिरला की लाल पेशींतलं, रक्तवाहिनीच्या अस्तरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी आकसतात, वाहिन्या एकाएकी रुंदावतात, अस्तर दुखावतं. जुना डाय हा क्षार होता. पाण्यात त्याचा रेणू फुटून दोन कण होत, आणि त्यातल्या एकाच कणावर आयोडिन असे. दुसरा कण नुसता तीव्रता वाढवायला. अल्मेननं १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडलं ते असं: न फुटणारा रेणू बनवा, विरघळण्यासाठी त्याच्या कडेनं पाण्याशी सलगी करणारे गट बसवा, आयोडिन तेवढंच राहील आणि कण निम्मे होतील. नॉर्वेतल्या नीगार्ड कंपनीनं हे मनावर घेतलं. पहिला रेणू मेट्रिझामाइड. तो द्रवरूपात टिकत नसे, भुकटीतून ऐन वेळी बनवावा लागे. १९८२ मध्ये आयोहेक्सॉल आला आणि टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. पुढे दोन कडी जोडून, एका कणावर सहा आयोडिन बसवलेला आयोडिक्सॅनॉल आला. त्याची तीव्रता रक्ताइतकीच.

नवे डाय सुरुवातीला जुन्यांच्या दहा-वीस पट महाग होते. खरंच तेवढ्या मोलाचे आहेत का, याचं उत्तर जपाननं दिलं. १९९० मध्ये कातायामा आणि सहकाऱ्यांनी ३,३७,६४७ तपासण्यांची नोंद प्रसिद्ध केली. जुन्या, आयनिक डायमुळे १२.६६ टक्के लोकांना काहीतरी त्रास झाला. नव्या, नॉन-आयनिक डायमुळे ३.१३ टक्क्यांना. गंभीर त्रासाचं प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर उतरलं, म्हणजे दहा हजारांमागे बावीसवरून चारावर. या आकड्यांपुढे वाद उरला नाही, उरला तो फक्त पैशाचा प्रश्न. आपल्याकडे जुने डाय स्वस्त म्हणून बराच काळ टिकले. आता हृदयाच्या आणि सीटीच्या तपासणीत नवेच वापरतात, आणि शिरेतून डाय जाताना अंगभर येणारी ऊब, तोंडात धातूची चव, लघवी झाल्याचा भास, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. ते अर्ध्या-एक मिनिटात ओसरतं आणि ती ॲलर्जी नसते.

खरी प्रतिक्रिया वेगळी. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. गंभीर प्रकार बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांत होतो, म्हणून तपासणीनंतर अर्धा तास बसवून ठेवतात. लोक ‘झालं ना आता’ म्हणून उठून जातात, जाऊ नये. त्या अर्ध्या तासात मांडीत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन माणूस वाचवतं. ज्याला आधी डायचा त्रास झाला आहे त्याला पुन्हा होण्याचा धोका सर्वांत जास्त. त्याच्यासाठी दुसऱ्या रेणूचा डाय निवडणं आणि गरज असेल तर आधी स्टेरॉइड देणं हे उपाय आहेत.

इथं एका गैरसमजाविषयी ठासून सांगायला हवं, विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांची ॲलर्जी असेल तर डाय चालत नाही, असं डॉक्टरांच्या तोंडूनही अजून ऐकू येतं. समज असा, की माशांत आयोडिन, डायमध्ये आयोडिन, म्हणजे ॲलर्जी आयोडिनची. कोळंबीची ॲलर्जी असते ती तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची. आयोडिनची ॲलर्जी असती तर मीठच खाता आलं नसतं आणि थायरॉइड चालली नसती. कोणतीही ॲलर्जी असलेल्या माणसाला डायचा धोका थोडासा वाढतो हे खरं, पण तो दूध-अंड्याच्या ॲलर्जीनंही तितकाच वाढतो. बेटाडिन लावल्यावर कातडी लाल होते, त्याचाही डायशी संबंध नाही. या समजापायी ज्याला तातडीची अँजिओग्राफी हवी त्याची तपासणी लांबणीवर पडली, तर नुकसान डायनं केलेलं नसतं, भीतीनं केलेलं असतं.

मूत्रपिंडाच्या भीतीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या तीव्र डायनंतर काही रोग्यांची मूत्रपिंडं बिघडलेली दिसली आणि ‘डायमुळे किडनी जाते’ हे वाक्य रूढ झालं. चूक होती ती अभ्यासाच्या रचनेत. डाय दिलेल्यांच्या रक्तातलं, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मोजलं जाई. डाय न दिलेल्या, तितक्याच आजारी लोकांचं मोजून कुणी तुलना करत नसे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यूहाऊस आणि सहकाऱ्यांनी डाय अजिबात न मिळालेल्या बत्तीस हजारांहून अधिक रुग्णांची कागदपत्रं पाहिली. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या क्रिएटिनिनमध्ये पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त चढउतार होते. यांना डाय दिला असता तर दोष डायच्या माथी गेला असता. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन ताप, जुलाब, कमी रक्तदाब, इतर औषधं, कशानंही हलतं.

त्यानंतर चित्र स्पष्ट होत गेलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी आणि मूत्रपिंडविकार या दोन्ही शाखांच्या संस्थांनी एकत्र सांगितलं की शिरेतून दिलेल्या डायचा धोका पूर्वी मानला त्याहून बराच कमी आहे. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, तीसच्या खाली असेल किंवा मूत्रपिंडं नुकतीच एकाएकी बिघडली असतील, तर काळजी घ्यावी आणि सलाइन द्यावं. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या एका चाचणीत ईजीएफआर तीस ते साठच्या दरम्यान असलेल्या ६६० लोकांपैकी निम्म्यांना सलाइन दिलं, निम्म्यांना नाही. मूत्रपिंडांच्या बाबतीत फरक पडला नाही. वर्षानुवर्षं दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीनही २०१८ च्या प्रिझर्व्ह चाचणीत निरुपयोगी ठरलं. धोका नाहीच असं मी म्हणत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात, रक्तदाब कोसळलेला असताना, धमनीतून भरपूर डाय जातो तेव्हा मूत्रपिंडांवर ताण येतोच. पण छातीत महाधमनी चिरली आहे का, फुप्फुसात गुठळी अडकली आहे का, हे पाहायला क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहत बसणं हे सुरक्षिततेचं लक्षण नव्हे.

मधुमेहाच्या रोग्यांत मेटफॉर्मिनविषयीही गोंधळ असतो. डाय आणि मेटफॉर्मिन यांचं आपसांत भांडण नाही. मूत्रपिंडं मंदावली तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं, हा खरा मुद्दा. म्हणून ईजीएफआर तीसखाली असेल, तर ते तपासणीच्या वेळी थांबवून अठ्ठेचाळीस तासांनी, मूत्रपिंडं पाहून, पुन्हा सुरू करतात. धमनीतून अँजिओग्राफी असेल तर डॉक्टर सांगतील तसं. स्वतःच्या मनानं आठवडाभर गोळी बंद ठेवून साखर चारशेवर नेणारी माणसं असतात. तसं करू नये. अंगावर पाजणाऱ्या आईनंही दूध तोडायची गरज नाही. डायचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात उतरतो, आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून रक्तात जातो.

आणि मूत्रपिंडांच्या याच भीतीतून एक नवं संकट उभं राहिलं. एमआरआयला आयोडिन लागत नाही. तिथं गॅडोलिनियम वापरतात. हा चुंबकीय गुणांचा धातू आजूबाजूच्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश बदलतो आणि रक्तवाहिनी उजळून दिसते. सुटं गॅडोलिनियम विषारी. त्याचा आयन आकारानं कॅल्शियमच्या आयनाएवढा असल्यानं तो कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतो. म्हणून त्याला एका मोठ्या रेणूत अडकवून देतात. १९८८ पासून तो वापरात आला आणि ‘आयोडिनचा डाय किडनीला वाईट, हा चांगला’ म्हणून डायलिसिसवरच्या लोकांच्या धमन्या एमआर अँजिओग्राफीनं पाहायची पद्धत पडली, तीही नेहमीपेक्षा जास्त मात्रा देऊन.

१९९७ पासून कॅलिफोर्नियातल्या काही डायलिसिसच्या रोग्यांत एक अनोळखी आजार दिसू लागला. हातापायांची कातडी लाकडासारखी कडक होई, सांधे आखडत, माणूस खुर्चीला खिळे. काहींचं हृदय आणि फुप्फुसंही त्यात सापडली. कारण कळेना. २००६ मध्ये ऑस्ट्रियातले मूत्रपिंडतज्ज्ञ ग्रोबनर यांनी त्यांच्या नऊ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. नवांचीही गॅडोलिनियम देऊन एमआर अँजिओग्राफी झाली होती आणि पाच जणांना हा आजार झाला होता. त्याच वर्षी डेन्मार्कमधूनही तशीच नोंद आली. मूत्रपिंडं काम करत नसल्यानं डाय काही तासांत बाहेर पडायच्या ऐवजी दिवसेंदिवस आत फिरत होता, आणि काही डायच्या रेणूंची पकड सैल असल्यानं तेवढ्या वेळात गॅडोलिनियम सुटून कातडीत रुतत होतं. ज्यांचे रेणू लांबट, उघडे होते त्यांनीच मुख्यतः हा आजार केला. धातूला चहूबाजूंनी वेढणाऱ्या वलयाकार रेणूंनी जवळजवळ नाही. युरोपच्या औषध संस्थेनं २०१७ मध्ये शिरेतून द्यायच्या बहुतेक लांबट रेणूंचा वापर थांबवला. वलयाकार डाय आणि कमी मात्रा आल्यापासून हा आजार जवळपास नाहीसा झाला आहे.

थोरोट्रास्टच्या वेळी धोका ओळखून वापर थांबवायला दोन दशकं लागली. इथं कारण सापडल्यावर वर्षभरात जगभर इशारे गेले. ही प्रगती लहान नाही. पण प्रश्न पुरता मिटलेला नाही. २०१४ मध्ये जपानच्या कांदा आणि सहकाऱ्यांना अशी चिन्हं दिसली, की वारंवार गॅडोलिनियम मिळालेल्या लोकांच्या मेंदूच्या काही भागांत त्याचा अंश राहतो, मूत्रपिंडं चांगली असली तरीही. त्यामुळे काही आजार होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी गरज नसताना हा डाय देऊ नये, हेच शहाणपण.

बाहेर पडलेलं पुढे कुठं जातं, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. आयोडिनचे आणि गॅडोलिनियमचे हे रेणू मुद्दाम टिकाऊ बनवलेले. शरीरात मोडत नाहीत, तसे सांडपाण्याच्या प्रक्रियेतही सहज मोडत नाहीत. जर्मनीतल्या नद्यांत निसर्गात असायला हवं त्याहून जास्त गॅडोलिनियम १९९६ मध्येच मोजलं गेलं. एमआरआय यंत्रं जिथं जिथं वाढतील तिथल्या पाण्यात हे दिसणारच, आणि आपल्या शहरांतल्या नद्याही त्याला अपवाद असायचं कारण नाही.

ज्यांना आयोडिन आणि गॅडोलिनियम दोन्ही नको, त्यांच्यासाठी एक सुंदर पर्याय आहे: कार्बन डायऑक्साइड वायू. फ्लोरिडातले हॉकिन्स यांनी तो सत्तरच्या दशकात धमन्यांसाठी वापरात आणला. वायू धमनीतलं रक्त क्षणभर बाजूला सारतो, पोकळी दिसते, मग तो रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. ॲलर्जी नाही, मूत्रपिंडांवर भार नाही. मात्र मेंदूच्या किंवा हृदयाच्या धमन्यांत तो चालत नाही. बुडबुडा तिथं घातक ठरतो. त्यामुळे तो पोट आणि पाय यांच्यापुरताच.

थोरोट्रास्टच्या रोग्यांचा मागोवा घेता आला, कारण कुणाला, केव्हा, किती डाय दिला याची नोंद कुठेतरी कागदावर होती. आपल्याकडे रिपोर्टवर बहुधा नुसतं ‘कॉन्ट्रास्ट दिला’ एवढंच लिहितात. पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा आधीचा त्रास, दमा, थायरॉइड, मूत्रपिंडांचा आजार आणि चालू गोळ्या न लपवता सांगा, अर्धा तास थांबा. आणि डायचं नाव, मात्रा आणि तारीख आपल्या फाइलमध्ये लिहून मागा. काही त्रास झाला तर तोही त्याच कागदावर लिहून घ्या.